सात खोकी पाणी

सुट्टीच्या चौथ्या दिवशी, सकाळच्या न्याहारीला, तो तिसऱ्यांदा अंडी घ्यायला उठला आणि त्याची पँट खाली घसरली. फार नाही, चार बोटं. पण एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात लोण्याची वाटी असलेल्या माणसाला चार बोटंही पुष्कळ झाली. त्याने कोपर कमरेला दाबून पँट धरली, तसाच लंगडत टेबलापर्यंत आला आणि बसला. समोर बायको चहा ढवळत होती. तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला तिच्याकडे बघवेना. "अहो, पट्टा लावलाय ना?" तिने विचारलं. पट्टा लावलेला होता, रोजच्याच भोकात. "म्हणजे उतरलं," ती म्हणाली. "न मोजता, न मापता. सुंठीवाचून खोकला गेला की हो." त्याने अंड्याचा तुकडा तोंडात घातला. तो गिळला गेला, पण खाली जाऊन कुठे पडला ते त्याला कळलं नाही. आपण खातोय ते आपल्याला पोचत नाही, मधल्या मधे कोणीतरी काढून घेतंय, असं त्याला सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं. त्याने लोण्याची वाटी जवळ ओढली आणि पाव उचलला.

खरं तर उतरणं ही आनंदाचीच गोष्ट. सहा महिने सगळं घर त्या एका गोष्टीसाठी झटत होतं. त्याची धाकटी बहीण, जिला घरात सगळे बारकीच म्हणतात, तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून घेऊन ती रक्त धुवून आणत होती. नातेवाइकांच्या तपासण्या झाल्या, त्यात जुळला तो एकटा. डॉक्टर म्हणाले होते, "तुमचं सगळं उत्तम आहे, फक्त वजन तेवढं जास्त आहे. पंच्याऐंशीच्या खाली या, मी लगेच तारीख देतो." त्या दिवशी तो एकोणनव्वद किलो होता. चार किलोंचा प्रश्न. बायकोने त्याच संध्याकाळी वही आणली, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर पोळीपासून काकडीपर्यंत सगळं तोलायला लागली, किती ग्रॅम आणि किती कॅलरी ते रोज लिहायला लागली. वही भरली, दुसरी आणली. वजन मात्र एकोणनव्वद. कधी साडेअठ्ठ्याऐंशी, कधी नव्वद. रविवारी दुपारी ती वही पुढे घेऊन बसायची, पुन्हा पुन्हा बेरजा करायची आणि आपलं कुठे चुकतंय म्हणून डोळे पुसायची. तो शेजारी बसून पेपर वाचायचा.

तिचं कुठेच चुकत नव्हतं. तो काटे दुरुस्त करायचा. वडिलांचाच धंदा. शहरभर त्याची ठरलेली दुकानं होती: भाजीवाले, भंगारवाले, सोनार, आणि बेकऱ्या. बेकऱ्या चौदा. काटा उघडायचा, आतली मैद्याची धूळ फुंकायची, शून्यावर आणायचा, मापं ठेवून मधोमध आणि चारी कोपऱ्यांवर तपासायचा, की बेकरीवाला कागदावर दोन केक ठेवायचा. पूर्वी तो नको म्हणायचा. डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो नको म्हणाला नाही. कोणी विचारलं असतं की, बाबा रे, तू हे मुद्दाम करतोस का, तर त्याने छातीवर हात ठेवून नाही म्हटलं असतं आणि ते खरंही असतं. मांजर डोळे मिटून दूध पितं ते लबाडीने पितं असं कोण म्हणेल? पण तपासणीच्या आठवड्यात बिघडलेले काटे त्याला बेकऱ्यांतच कसे सापडायचे, हा विचार त्याने कधी पुरा केला नाही. त्याला भीती वाटत होती. टेबलावर आडवं पडायची, डाव्या कुशीत सुरी जायची, आणि शुद्धीवर आल्यावर आत एक रिकामी जागा घेऊन उरलेलं आयुष्य चालत राहायची. बारकीवर त्याचा जीव होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

सुट्टीचं काढलं ते बारकीनेच. "दादा, वहिनीला घेऊन पंधरा दिवस कुठेतरी जा," ती म्हणाली. यंत्राची नळी हाताला, तोंडात बर्फाचा खडा. दिवसाला पाऊण लिटर पाणी एवढीच तिला मुभा, म्हणून ती खडे चघळायची. "वही नाही, काटा नाही. जे आवडेल ते खा. तुझे ग्रॅम ऐकून ऐकून माझे कान किटले." तिच्या स्वरात राग नव्हता. बायको कासावीस झाली, पंधरा दिवसांत चार किलो चढतील म्हणाली. बारकीने डोळे मिटले. "चढू देत की," ती म्हणाली. त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं. पंधरा दिवस चढवायला मोकळे, आणि तेही जिच्यासाठी उतरवायचं तिच्याच परवानगीने. यापेक्षा माणसाला काय हवं?

गाव तळ्याकाठी होतं, डोंगराच्या उतारावर. गाड्यांना बंदी. खाली बोटींचा धक्का, वर अतिथिगृह, आणि मधे दोनशे चाळीस दगडी पायऱ्या. सकाळी तळ्यावरून धुकं उठायचं आणि दहा वाजेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहायचं. अतिथिगृहाची मालकीण सुगरण होती आणि पानात आग्रहाने वाढणारी होती. त्याने हात आखडता घेतला नाही. लोण्यात परतलेले बटाटे, जाड सायीचं सूप, मासे, संध्याकाळी फळांचा गोड पाव. चौथ्या दिवसानंतर तर तो भूक नसताना खायला लागला, जरा घाईने, पातेल्याला भोक आहे असं वाटून माणूस आणखी ओततो तसा. सहाव्या दिवशी त्याने पट्ट्याला सुरीच्या टोकाने नवं भोक पाडलं. आठव्या दिवशी अंगठी सैल झाली. बायको रोज त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालून बघायची आणि खुदकन हसायची. "चालणं होतंय, झोप होतेय, मधे मधे काही खाणं नाही. असंच असतं ते," ती म्हणाली. "मधे मधे" या शब्दांवर त्याने मान वर करून पाहिलं, पण ती साधेपणाने बोलत होती. खाई त्याला खवखवे. या गावात एकही बेकरी नव्हती, लपून खायला कोपरा नव्हता, आणि कोपरा नसला की त्याला त्या खाण्याची आठवणही येत नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही.

आरशाचं सुरू झालं ते नवव्या दिवशी. दाढी करताना गालावरून वस्तरा नेहमीपेक्षा खोल गेला. त्याने साबण पुसून पाहिलं. गालाचं हाड वर आलं होतं. त्याच्या चेहऱ्याला हाड असतं हे तो विसरूनच गेला होता. आणि ते हाड त्याचं नव्हतं, बारकीचं होतं. डोळ्यांखालची खळगी, हनुवटीची अणी, वरच्या ओठाची ती जराशी रुसलेली घडी, सगळं तिचं. भाऊ-बहीण आहेत, एकाच साच्यातले, त्यात नवल काय, असं त्याने स्वतःला समजावलं. तरी तो आरशासमोरून लगेच बाजूला झाला नाही, कारण आधी ती बाजूला होते का ते त्याला पाहायचं होतं. मग खाली आला तर मालकीण टेबल पुसता पुसता म्हणाली, "तुमच्याकडे कोणी पाहुणं आलंय का? नाही म्हणजे, सांगितलंत तर मी ताट वाढवीन." तो म्हणाला, कोणी नाही. "मग सकाळी सहाला पायऱ्यांवर कोण होतं? धुक्यात नीट दिसलं नाही. बारीकशी बाई वाटली. तुमचाच कोट होता की अंगावर." ती सहज बोलली आणि चहा आणायला आत गेली. तो खोलीत परत गेला. खुंटीवरचा कोट त्याने हाताने चाचपला. खांद्यांवर ओल होती, आणि बुटांच्या खाचांत ताजी माती. बायको अंथरूण झटकत होती. "अहो, पहाटे उठून जाता ते चांगलंच आहे," ती म्हणाली, "पण जाताना पायमोजे तरी घाला." तो आठ वाजेपर्यंत झोपलेला होता. निदान त्याला तरी तसंच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे पाचलाच जागा झाला आणि मुद्दाम जागा राहिला. खिडकी राखाडी झाली. बायकोच्या श्वासाचा आवाज, नळाचं ठिबकणं. दोन्ही हात त्याने पोटावर ठेवले होते आणि बोटांखाली पोट हळूहळू वरखाली होत होतं, त्याला न विचारता, जन्मापासून होत आलं तसं. त्याच्या मनात आलं की हे पोट, हे हृदय, ही डावी-उजवी किडनी, यांतलं काहीच आपण चालवत नाही. आपण नुसते वर राहतो, भाडेकरूसारखे, आणि खाली काय ठरतं ते आपल्याला कोणी सांगत नाही. मग त्याला वडिलांचं दुकान आठवलं. तिथे छताला एक मोठा तराजू टांगलेला होता, गोण्या तोलायचा. दुपारी वडील जेवायला गेले की एका पारड्यात तो बसायचा, दुसऱ्यात बारकी. तो अकरा वर्षांचा, ती दोनची. ती वर जायची, हसायची, टाळ्या पिटायची. एकदा ती हसायची थांबली. "दादा, खाली," म्हणाली. त्याने फक्त उतरायचं होतं. तो उतरला नाही. खाली जमिनीला टेकून, दोरी धरून, तो तिच्याकडे बघत बसला. ती रडायला लागली, तिचं नाक वाहिलं, आणि तो बसूनच राहिला, कारण आपण जड आहोत आणि म्हणून कोणीतरी वर लटकलंय हे त्याला फार छान वाटत होतं. वडिलांची पावलं वाजली तेव्हा तो उतरला, आणि तिला पोटाशी धरून उगी उगी म्हणाला. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला आठवणं शक्य नव्हतं. तो हे आठवत पडलाय, आता कूस बदलावी असं त्याच्या मनात आहे, आणि कूस बदलायला त्याने हात टेकला तर हाताला थंड दगड लागला. तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेला होता. अंगात कोट होता, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या. खाली पांढरं धुकं. तो घाबरला, पण दम मात्र लागला नव्हता. श्वास असा संथ चालला होता की जणू त्याचा त्याच्या घाबरण्याशी काही संबंध नाही. कोणीतरी रोज त्याला इथे आणून, थोडं थोडं उतरवून, परत नेऊन झोपवत होतं. आणि ते कोणीतरी परकं नव्हतं. परकं असतं तर त्याने आरडाओरडा तरी केला असता.

बाराव्या दिवशी दुपारी बायको जेवून झोपली आणि तो खाली धक्क्यावर गेला. तिथे सामान तोलायचा एक जुना काटा होता, लोखंडी फळी आणि घड्याळासारखी मोठी तबकडी. इतके दिवस तो त्याच्यापासून तोंड फिरवून जायचा. आता त्याने आजूबाजूला पाहिलं, चपला काढल्या आणि वर उभा राहिला. सुई थरथरली आणि थांबली. चौऱ्याऐंशी किलो चारशे. तो खाली उतरला. काटा खोटा असणार. तळ्याची हवा, गंजलेली स्प्रिंग, वर्षानुवर्षं कोणाचा हात लागलेला नाही. त्याच्या सगळ्या हयातीत त्याने पाहिलेले निम्मे काटे खोटेच होते. इतका मोठा दिलासा त्याला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. पण खोटा म्हणायचं तर तपासून म्हणायचं, हे वडिलांनी हाडात घातलेलं, आणि खिशात तर मापं नव्हती. शेजारी पाण्याच्या बाटल्यांचं दुकान होतं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुठेच वाद नाही. लिटरच्या बारा बाटल्यांचं एक खोकं. त्याने दुकानातल्या बाईला विचारलं, खोकी जरा काट्यावर ठेवून बघू का. ती म्हणाली, "एवढं पाणी कोणाला हवंय?" तो म्हणाला, कोणाला नाही, मी काटेवाला आहे. ते ऐकून ती विश्वासाने स्टुलावर बसली. त्याने आधी सुई शून्यावर आणली. मग एक खोकं मधोमध, मग चारी कोपऱ्यांवर. बरोबर. पण बारावर खरं बोलणारा काटा ऐंशीवर खोटं बोलू शकतो. त्याने दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. सात खोकी झाली. चौऱ्याऐंशी लिटर, वर पुठ्ठ्याचे आणि प्लास्टिकचे मिळून दोन किलो. सुई शहाऐंशीवर जाऊन उभी राहिली, केसभरही इकडेतिकडे नाही. काटा खरा होता. इतका खरा काटा त्याने वर्षात पाहिला नसेल.

तो त्या सात खोक्यांकडे बघत राहिला. रचून ठेवल्यावर ती त्याच्या छातीपर्यंत आली होती. एवढाच होता तो, एवढंच पाणी. पंच्याऐंशीच्या खाली, आणि त्याने एक घासही सोडलेला नव्हता, एक आकडाही लिहिलेला नव्हता. त्याच्या पाठीमागे, तो झोपेत असताना, त्याच्याच अंगाने बारकीला हो म्हणून टाकलं होतं. त्याने खोकी उतरवून जागेवर ठेवली, दोन बाटल्या विकत घेतल्या, एक शेजारी जमिनीवर ठेवली आणि काट्यावर उभं राहून दुसरी प्यायला. न थांबता, गटागटा, हनुवटीवरून ओघळ जाईपर्यंत. पंच्याऐंशी किलो चारशे. एका बाटलीत काम भागलं होतं. इथे कोणी डॉक्टर नव्हता, कोणी बघत नव्हतं, आणि तासाभरात ते पाणी निघून जाणार हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्याने खालची बाटली उचलून उघडली. ती अर्धी झाली तेव्हा खिशातला फोन वाजला. बारकी होती. मागे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"जेवलास?" तिने विचारलं.

"जेवलो."

"पोटभर?"

"पोटभर." त्याला ढेकर आली. ती दाबायला त्याने तोंडावर हात धरला.

"काय पितोयस?"

"पाणी."

"किती?"

खोटं बोलायला काही कारण नव्हतं. "दीड लिटर झालं."

पलीकडे बर्फाचा खडा दाताखाली फुटला. "मजा आहे," बारकी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. मग म्हणाली, "दादा, एक सांगायला फोन केला. वहिनी जवळ नाही ना? मी काल डॉक्टरांना सांगितलं, दादाचं नाव काढून टाका. यादीत माझा नंबर लागेल तेव्हा लागेल. तू आता सुखाने खा."

त्याने अर्ध्या बाटलीला झाकण लावलं.

"तू भेटायला यायचास ना, तेव्हा तुझ्या तोंडाला व्हॅनिलाचा वास यायचा. पहिल्या महिन्यापासून. मला सगळं बंद आहे, त्यामुळे वास फार कळतो. म्हटलं, हा माणूस माझ्यापायी चोरून खातोय. निदान उघड्यावर, टेबलखुर्चीवर बसून तरी खाऊ दे. म्हणून पाठवलं तुला."

त्याचा जीव भांड्यात पडला. लाज नंतर आली, पुष्कळ आली, पण आधी सुटका आली, हे लपवण्यात अर्थ नाही. सहा महिने छातीत धरून ठेवलेला श्वास सुटला. संपलं होतं. तिने स्वतःच संपवलं होतं, रागावलीही नव्हती, आणि त्याला फक्त बरं म्हणायचं होतं. त्याने बरं म्हणायला तोंड उघडलं.

"बारके," तो म्हणाला, "चौऱ्याऐंशी चारशे भरलो मी आज."

हे त्याने ठरवलेलं नव्हतं. आवाज मात्र त्याचाच होता, जरा पातळ झालेला.

मग ती बोलली ती काटेवाल्याची मुलगी म्हणून. "काटा कुठला?"

"धक्क्यावरचा. सामानाचा."

"कशाने तपासलास?"

"पाण्याने. सात खोकी लावली."

"कोपरे?"

"चारी. आधी शून्यावर आणला."

"मग खरा असेल," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "दादा, तू भितोस ना?"

"हो."

"खूप?"

"खूप भितो गं. आत्ताही. फोन ठेवून जेवायला जावं असं वाटतंय."

"मला वाटलं होतं तू मला तसं सांगशील," ती म्हणाली. "सहा महिने वाट बघितली. तू केक खात बसलास." आता ती रडत होती, पण तिने आवाज हलू दिला नाही. "हे बघ, नाव काढलं ते मी काढलं. परत घालायला मी जाणार नाही. घालायचं असेल तर तू स्वतः जाऊन घाल. नाही घातलंस तरी माझा भाऊच आहेस, त्याचं काही नाही. पण तुमचं यायचं अजून तीन दिवसांनी आहे. तीन दिवसांत माणूस पुष्कळ खाऊ शकतो."

यंत्राने शिटी दिली, कोणीतरी नर्स काही बोलली, आणि फोन बंद झाला. तो काट्यावरून उतरला. पाण्याच्या दुकानात काचेच्या बरणीत गोड बिस्किटं होती, ती त्याला तिथूनच दिसली, आणि तिकिटाची खिडकीही तिथूनच दिसत होती. दोन्हीकडे सारखंच अंतर. तो खिडकीशी गेला आणि चारच्या बोटीची दोन तिकिटं मागितली. "जायची-यायची दोन्ही?" आतल्या माणसाने विचारलं. यायची नको, तो म्हणाला. तिकिटं घेताना एक खाली पडलं आणि ते उचलायला त्याला दोनदा वाकावं लागलं. सव्वातीन झाले होते. बायको वर झोपलेली होती, बॅगा भरायच्या होत्या, आणि चौदा बेकऱ्यांचं तिला कसं सांगायचं ते ठरवायला मधे दोनशे चाळीस पायऱ्या होत्या. तो चढायला लागला. पोटातलं पाणी प्रत्येक पायरीला डुचमळत होतं, विसाव्या पायरीलाच त्याला दम लागला, कठड्याला धरून तो थांबला आणि पुन्हा निघाला. त्याला फार भीती वाटत होती, आणि पाय त्याचे होते.